गेरूचं कडं

चंद्रप्रकाश कुडतरकरांनी अख्खी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. दहिसरपासून गोरेगावपर्यंतच्या किती दुकानदारांनी त्यांना चहा पाजायचा प्रयत्न केला असेल याची गणती नाही, आणि एकाचाही चहा त्यांच्या घशाखाली उतरला नाही. काटा बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर नाही, एवढाच त्यांचा खाक्या. "साहेब, थोडासाच फरक आहे हो," असं कुणी काकुळतीला येऊन म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "थोडासा म्हणजे किती?" आणि समोरच्याची दातखीळ बसायची. घरीसुद्धा सुटका नव्हती. भाजीत मीठ अंदाजाने घातलंय असं नलिनीताई म्हणाल्या, की नवऱ्याच्या कपाळाला आठी पडलीच.

अशा माणसाकडे दुसरी एक विद्या होती, आणि तिचा मोजमापाशी काडीचाही संबंध नव्हता. ते नागीण उतरवायचे. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, नुसती आग आग होते, ती नागीण. तिच्यावर गेरू लावायचा हातगुण कुडतरकरांच्या घराण्यात आहे, असं मालवणकडे मानत. चंद्रप्रकाशांचे वडील लालबागला चाळीत राहायचे, गिरणीत कामाला. पाळी संपवून घरी आले की दारात कुणीतरी शर्ट वर करून बसलेलं असायचंच. वडील गेले आणि तो वारसा बोरिवलीत आला. याचा पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा घ्यायचा नाही. दूर्वांच्या रसात गेरू खलायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्यायचा आणि शेपटीकडून तोंडाकडे, एका दमात, पुरळावरून कडं फिरवायचं. मात्र कडं पुरं करायचं नाही. शेवटी बोटभर जागा सोडायची, नागिणीला बाहेर पडायला. तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटली की माणूस हाती लागत नाही, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. आणखी एक नेम होता. नागिणीकडे टक लावून बघायचं नाही. एक नजर टाकायची, तोंड कुठे नि शेपूट कुठे ते ओळखायचं, की नजर आपल्या बोटावर. बघत राहिलं तर ती डिवचली जाते, असं वडील सांगायचे.

सोसायटीतले शिकलेसवरलेले लोकही गुपचूप यायचे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या, वरून कुडतरकरकाकांचा गेरू. बरं वाटलं की श्रेय अर्थात गेरूला. काकाही ते नाकारायचे नाहीत.

गेल्या गणपतीत हाच गेरू त्यांनी आपल्या पोटच्या पोराला लावला.

सर्वेश त्यांचा एकुलता एक. कंपनीने त्याला काही महिन्यांसाठी अमेरिकेत, कनेटिकटला पाठवलं होतं. तो परतला तो गणपती येण्याच्या आदल्या दिवशी. आरतीला उभा होता आणि टाळ वाजवता वाजवता मांडी खाजवत होता.

"काय रे, काय झालं?" चंद्रप्रकाशांनी विचारलं.

"काय नाय ओ बाबा, काहीतरी चावलंय. निघायच्या आधी ऑफिसवाल्यांबरोबर डोंगरात गेलेलो ना."

आरती झाल्यावर त्याने बर्मुडा वर केली. डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, लाल उठलं होतं. चंद्रप्रकाशांनी एक नजर टाकली. "आग होते?" "नाही, जराशी खाज." म्हणजे वेळेवर सापडली, ते म्हणाले. देवापुढे दूर्वांच्या जुड्या होत्याच. बोटाने कडं काढून झालं, तेव्हा सर्वेशची बायको श्वेता हसत हसत फोन घेऊन आली. तिने त्या मांडीचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'घरचा पेशंट, घरचाच वैद्य.' गावाहून, लालबागहून, विरारहून अंगठे आले, हात जोडलेले आले. त्याच आठवड्यात सर्वेशचा घसा धरला म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याला थोडे दिवस अँटिबायोटिक दिलं, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. गेरू पुसायचा नाही, आपोआप उतरू द्यायचा; विसर्जनानंतर काही दिवसांत तो उतरला, तेव्हा खाली डागही नव्हता. चंद्रप्रकाशांची छाती फुगली ती दिवाळीपर्यंत फुगलेलीच होती.

माघ महिन्यात सर्वेशचा डावा गुडघा सुजला.

आधी सगळ्यांना वाटलं, जिना उतरताना मुरगळला असेल. मग गुडघा नारळाएवढा झाला. त्यातून पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. अंगात कसकस, डोकं जड, सकाळी उठल्या उठल्या दिवसभर राबल्यासारखा थकवा. चाळिशीही न गाठलेला मुलगा संडासातून बाहेर येताना भिंतीला हात लावून यायला लागला. हाडांचे डॉक्टर झाले, सांध्यांच्या डॉक्टर झाल्या. त्या म्हणाल्या, हा वाताचाच एक प्रकार दिसतो, शरीर स्वतःवरच उलटलंय, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करावं लागेल. पण खात्री नव्हती, म्हणून त्यांनी अंधेरीला संसर्गाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर देवव्रत वयाने सर्वेशएवढेच होते. त्यांनी बाकी कुणी न विचारलेला प्रश्न विचारला. "गेल्या वर्षभरात बाहेरच्या देशात गेला होतात?"

कनेटिकट म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. तिकडच्या रानात एक बारीक गोचीड असते, म्हणाले, खसखशीच्या दाण्याएवढी. ती चावून बसली तर एक जंतू अंगात सोडते. त्या आजाराला लाइम म्हणतात. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, नाही कळलं तर काही महिन्यांनी गुडघा धरतो. चंद्रप्रकाशांना हायसं वाटलं. रक्त काढलं की कळेल. हो किंवा नाही.

रक्ताचा पहिला रिपोर्ट आला, त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. मध्ये होतं. म्हणून दुसरी, जास्त बारकाईची तपासणी केली. तिच्यात एका पट्टीवर रेघा उमटतात. ठरलेल्या दहापैकी पाच उमटल्या तर आजार धरायचा. सर्वेशच्या चार उमटल्या होत्या. खाली एक ओळ छापलेली, लक्षणांशी ताडून पाहावे.

"लक्षणांशी ताडून पाहावे म्हणजे काय?" चंद्रप्रकाश चिडले. "लक्षणं आहेत म्हणूनच तर रक्त दिलं ना! हे म्हणजे गिऱ्हाइकाने वजन करून मागावं आणि दुकानदाराने म्हणावं, हातात धरून बघा, तुम्हाला किती वाटतं."

डॉक्टर देवव्रत हसले नाहीत. एक महिना गोळ्या देऊन पाहू, म्हणाले. सर्वेशने महिनाभर गोळ्या घेतल्या. सूज अर्धी उतरली आणि तिथेच थांबली. आता ती गोळ्यांनी उतरली की आपली आपण, हेही कुणाला सांगता येईना.

त्यानंतरच्या भेटीला चौघंही गेले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. "समोर दोन रस्ते आहेत. हा लाइमच असेल, तर आता शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं, रोज, काही आठवडे. नसेल, तर सांध्यांच्या मॅडम म्हणतात ते औषध. पण जंतू आत असताना प्रतिकारशक्ती दाबायला माझा हात धजत नाही. आणि जंतू नसताना नुसतं अँटिबायोटिक ओतत बसलो, तर तोवर सांधा खराब होईल. रक्त मला मदत करत नाहीये. मध्ये घशासाठी औषध घेतलं होतंत, त्याने रेघा कमी उमटल्या असतील. किंवा नसतीलही. मला एकच गोष्ट सांगा. चावल्यानंतर अंगावर लाल चट्टा उठला होता का?"

"उठला होता! फोटो आहे!" श्वेताने टुणकन फोन काढला.

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. फोन खिडकीकडे धरला.

"हे लाल कडं दिसतंय, तोच चट्टा ना? हा तर अगदी..."

"तो गेरू आहे," सर्वेश म्हणाला. "मधेही तोच ओघळलाय."

मग डॉक्टरांनी विचारलं, "आणि गेरूच्या खाली काय होतं?"

तिघांनी चंद्रप्रकाशांकडे पाहिलं. सर्वेशला स्वतःच्या मांडीची मागची बाजू दिसत नव्हती. श्वेता आली तेव्हा गेरू लागून झाला होता. नलिनीताई मोदकांपाशी होत्या. ते पाहिलेला माणूस जगात एकच होता.

"फोड नव्हते," चंद्रप्रकाश म्हणाले. "आग होत नव्हती, हे नक्की. मी विचारलं होतं."

"ते उपयोगाचं आहे. पण डास चावला तरी आग होत नाही. त्याचा आकार कसा होता? केवढा होता? गोल, की एका बाजूला पट्टा? मध्ये फिकट होता का? काका, तुम्ही इतक्या नागिणी बघितल्यात, त्या तुमच्या नेहमीच्या नागिणीसारखी होती की नव्हती?"

चंद्रप्रकाशांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे सांगायला काही नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यात डोळे घालून बसलेला माणूस, आणि स्वतःच्या मुलाच्या अंगाकडे त्याने नेम पाळायचा म्हणून बघितलं नव्हतं.

"पुढच्या गुरुवारी या," डॉक्टर म्हणाले. "नीट आठवा. पण अंदाजाने सांगू नका."

घरी आल्यावर आठवण्याचा कारखानाच सुरू झाला. श्वेता पोर गुणी, पण तिला दम कुठला. तिने फोनवर जगभरच्या चट्ट्यांचे फोटो शोधून काढले आणि सासऱ्यांच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसली. "बाबा, असं होतं का? बरं, असं? हे बघा ना, हे मधे पांढरं आणि बाहेर लाल. असं होतं ना?" ती ज्या फोटोवर जास्त वेळ थांबायची, तसंच होतं असं त्यांना वाटायला लागायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते डोळे मिटून पडले, तर सर्वेशच्या मांडीवर त्यांना स्वच्छ गोल चट्टा दिसला, मध्ये फिकट, कडेला लाल. ते ताडकन उठून बसले. मग आठवलं, त्या मांडीवर सोनेरी केस होते. तो फोनमधला कुणीतरी गोरा माणूस होता.

त्यानंतर त्यांनी फोटो बघायचं सोडलं, पण उशीर झाला होता. आता खरं काय दिसलं होतं आणि नंतर काय भरलं गेलं, हे वेगळं करायची सोयच राहिली नव्हती. ते बाल्कनीत उभे राहायचे आणि मनातल्या मनात तो क्षण पुन्हा उभा करायचे. टाळ, कापराचा वास, बर्मुडा वर जाते, लाल दिसतं, आणि लगेच आपलं बोट. दर वेळी बोटच मध्ये यायचं. त्या बोटाचा त्यांना इतका राग आला की एकदा त्यांनी ते कठड्यावर आपटलं.

नलिनीताईंनी ते पाहिलं. रागावल्या किंवा घाबरल्या की त्यांच्या तोंडी मालवणी यायची.

"अवो, डॉक्टराक सांगून टाका, गोलच होता म्हणान! तुमचा काय जाता? माझो झील उभो रवाक शकना नाय, आणि तुम्ही अजून काटो बघतास!"

"आणि नसलं गोल तर?" चंद्रप्रकाश म्हणाले. "माझ्या शब्दावर ते त्याच्या शिरेत औषध घालणार. नलिनी, ही बटाट्याची पाटी नव्हे गं."

"मग नव्हता म्हणान सांगा. काय तरी सांगा!"

त्या रडायला लागल्या. आतल्या खोलीतून सर्वेशची हाक आली. त्याला खुर्चीतून उठायचं होतं. चंद्रप्रकाश गेले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. डावा खांदा दोन वर्षांपूर्वी धरला होता तो सुटलाच नव्हता, त्या हाताने साधी बादली उचलत नसे. सर्वेश त्यांच्या मनगटाला धरून उठला आणि तसाच उभा राहिला.

"बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "मला ना, बरं नाही झालं तरी चालेल असं वाटतं कधीकधी. फक्त याला कुणीतरी नाव द्या यार. ऑफिसात विचारतात काय झालंय, तर मी काय सांगू? चार रेघा झाल्यात?"

तो हसला. चंद्रप्रकाशांना हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता मागाठाण्याहून मेट्रोत बसले आणि गुंदवलीला उतरून एमआयडीसीतल्या त्या लॅबमध्ये गेले. तपासणीवर सही असलेल्या डॉक्टर अनुपमा यांना भेटायचंय म्हणून हटून बसले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी म्हाताऱ्याला आत घेतलं, संगणकावर सर्वेशची पट्टी काढून दाखवली. चार रेघा काळ्याभोर. आणि पाचवीच्या जागी धुरकट काहीतरी.

"ही काय आहे मग? दिसतेय की!" चंद्रप्रकाश खुर्चीच्या कडेला आले.

"दिसते. पण ठरलेल्या मर्यादेच्या खाली आहे. यंत्र ती धरत नाही."

"थोडीशीच खाली असेल हो, मॅडम."

बोलून गेल्यावर आपल्या तोंडून काय बाहेर पडलं ते त्यांना ऐकू आलं. दहिसरच्या बाजारातले ते सगळे दुकानदार डोळ्यांपुढे आले, एकेकाचा घामेजलेला चेहरा, 'साहेब, साहेब' करणारा. त्यांचीही कुणाची पोरं असतील. हे तेव्हा कधी सुचलं नव्हतं.

"मी ही पाचवी म्हणून लिहिली," डॉक्टर अनुपमा हळूच म्हणाल्या, "तर उद्या ज्याला हा आजारच नाही, त्याचीही लिहावी लागेल. तुमच्या मुलाला तो नाही, असं मी म्हणत नाही, काका. आहे असं मला म्हणता येत नाही, एवढंच."

"बरोबर आहे," चंद्रप्रकाश म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो, तर मीही शिक्का मारला नसता."

बाईंनी चहा मागवला. चंद्रप्रकाशांनी तो पूर्ण प्यायला आणि परतीची मेट्रो धरली.

गुरुवारी पुन्हा चौघं अंधेरीला. डॉक्टर देवव्रतांनी नवे काही रिपोर्ट चाळले आणि चंद्रप्रकाशांकडे वळले. "हं, काका?"

"डॉक्टर, मला आठवतंय ते खरं आहे की फोनवर बघितलेलं, हेच मला कळत नाही."

"हरकत नाही. मग बोलू नका." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "काढून दाखवा. आकार सांगता येत नाही तेव्हा कधीकधी हाताला येतो. विचार न करता काढा."

ही गोष्ट चंद्रप्रकाशांना एकदम पटली. डोक्यात घोळ झाला असेल, पण हात खोटं बोलायचा नाही. त्यांनी पेन उचललं. टाळ, कापूर, वर जाणारी बर्मुडा. पेन कागदावर टेकलं आणि सरसर फिरलं, एका दमात, जराही न थरथरता. नलिनीताई पुढे वाकल्या. शेवटी येऊन पेन थांबलं आणि आपोआप उचललं गेलं.

कागदावर कडं होतं. सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये बोटभर जागा होती.

चंद्रप्रकाश त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शेजारी दुसरं काढलं, मुद्दाम सावकाश. शेवटी हात पुन्हा तिथेच थांबला. हे लालबागच्या चाळीतल्या बाईच्या कमरेवरचं कडं होतं, वरच्या मजल्यावरच्या जोशांच्या पाठीवरचं होतं, वडिलांच्या बोटाला धरून लहानपणी पाटीवर गिरवलेलं होतं. सर्वेशच्या मांडीवर काय होतं ते यात कुठेच नव्हतं.

"पुरं गोल होतं का, काका? जोडून बघा," डॉक्टर म्हणाले. "जोडल्यावर ओळखीचं वाटतंय का ते सांगा."

म्हणणं सोपं होतं. एवढीशी रेघ. आणि कदाचित तीच रेघ या पोराला हवी होती. गोल चट्टा म्हणजे आजाराला नाव, नाव म्हणजे औषध. चंद्रप्रकाशांनी पेनाचं टोक मोकळ्या जागेशी आणलं. सर्वेश समोर बसला होता, सुजलेला पाय लांब करून, बापाच्या हाताकडे बघत. तोंड आणि शेपूट. हा वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. कागद आहे हा, पोराची मांडी नाही, हेही कळत होतं. तरी पेन पुढे जाईना. त्यांनी ते टेबलावर ठेवून दिलं.

"डॉक्टर, हे मी बघितलेलं नाही," ते म्हणाले. "हे मी काढलेलं आहे. मी बघितलंच नाही हो. माझा मुलगा माझ्यासमोर उभा होता आणि मी बघितलं नाही."

नलिनीताईंनी तोंडाला पदर लावला. श्वेता खिडकीबाहेर बघू लागली. डॉक्टर देवव्रतांनी तो कागद उचलला, टाकावा की ठेवावा हे त्यांनाही कळलं नसावं, मग घडी करून सर्वेशच्या फायलीतच ठेवला.

"थांबूया," ते म्हणाले. "काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. तोवर ना हे औषध, ना ते. फक्त दुखण्याच्या गोळ्या."

"तेव्हा कळेल?" श्वेताने विचारलं.

"कळेल कदाचित. किंवा असाच रिपोर्ट येईल." त्यांनी फाइल मिटली. "मला माफ करा. याहून जास्त मला आज माहीत नाही."

"तोच आजार असण्याची थोडी तरी शक्यता आहे ना?" चंद्रप्रकाशांनी विचारलं.

"थोडी आहे, काका."

थोडी म्हणजे किती, हा प्रश्न जिभेच्या टोकावर आला. चंद्रप्रकाशांनी तो गिळला. आज त्यांना ती थोडी तशीच, न मोजता, घरी न्यायची होती.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. श्वेता रिक्षा बघायला पुढे गेली, नलिनीताई फाइल छातीशी धरून तिच्यामागे उतरल्या. जिन्याच्या तोंडाशी सर्वेश थांबला. एका हाताने त्याने कठडा धरला आणि दुसरा बापाकडे केला. चंद्रप्रकाश एक पायरी खाली उतरून त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. गेरू लावणारा उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घातला होता. त्यांनी डावा पुढे केला. तो खांद्याच्या खालीच अडकला.

"डाव्यात जोर नाही तुमच्या, बाबा," सर्वेश म्हणाला. "उजवा द्या."

"नको रे तो."

"बाबा, पाय दुखतोय. उजवा द्या."

चंद्रप्रकाशांनी खिशातून हात काढला. सर्वेशने तो घट्ट धरला, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि पहिली पायरी उतरला.